जावयानं भरलेला गॅस

जावईबुवांनी गाडीची डिकी उघडली, आतून एक खोकं काढलं, खोक्यातून हातभर निळा पाइप काढला, त्याला जोडलेलं वाटीएवढं मीटर काढलं आणि शेवटी एक पांढरा डबा काढून ओट्यावर माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

“बाबा, तुम्ही उठायचं नाही हं,” ते म्हणाले. “एसीचा गॅस मी इथंच भरतो. सोपं असतं ते. मी व्हिडिओ बघितलाय.”

मी डब्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि पुन्हा डब्याकडे पाहिलं. खरंच गॅस होता. घरपोच मागवलेला.

आता हे सांगितलं पाहिजे की अकोल्यात बाळापूर नाक्यावर गाड्यांच्या एसीचं माझं दुकान आहे. हल्ली मी तिथं खुर्चीत बसून बाकीच्यांना शिव्या देतो, पण ही गोष्ट घडली तेव्हा स्वतः हात काळे करायचो. डॉक्टर म्हणा, वकील म्हणा, बाजार समितीचे सभापती म्हणा, उन्हाळा लागला की सगळे माझ्या दारात. पुरुषोत्तम उमाळेनं हात लावलेली गाडी दोन उन्हाळे तरी परत येत नाही, असं लोक म्हणायचे, आणि लोक म्हणत नसले तर मी म्हणायचो. अशा माणसाच्या अंगणात त्याचा जावई डब्यातला गॅस भरणार. हलवायाच्या घरी जाऊन त्याच्याच ओट्यावर बाहेरचे पेढे वाटावेत, तसला हा प्रकार.

मी शक्य तितक्या गोडीनं म्हटलं, विक्रांतराव, दुकान इथं हाकेच्या अंतरावर आहे. गाडी तिकडे नेऊ. गॅस म्हणजे काही पेट्रोल नव्हे संपायला, तो कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. आधी गळती शोधू, मग पाइपातली हवा ओढून काढू, मग मोजून गॅस भरू. जेवणाच्या आत परत येऊ.

“नको, नको. दुकानात नको,” ते घाईघाईनं म्हणाले आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. मग हसल्यासारखं करून म्हणाले, “म्हणजे, तुम्हाला कशाला त्रास.”

मला काही उलगडेना. माणूस फुकटात होणारं काम नको म्हणतो, ते का? सासऱ्याचं दुकान कमीपणाचं वाटतं म्हणावं, तर लग्नात याच माणसानं मित्रांना दुकान दाखवायला नेलं होतं. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात दारामागून बांगड्या वाजल्या. रत्ना, म्हणजे माझी बायको, तोंडावर बोट ठेवून उभी होती.

अधिक महिना होता. दर तिसऱ्या वर्षी येणारा हा जादाचा महिना, आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात त्याला. लेक आणि जावई यांना बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, अनारशाचं वाण द्यायचं. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्यानं पूर्वेला पश्चिम म्हटलं तरी सासऱ्यानं मान डोलवायची. त्या वर्षी अधिक आला तोही ज्येष्ठात. सकाळचं ऊनच असं की कावळे चोच वासून कडुनिंबात बसलेले. तसा हा महिना पुरुषोत्तम मास, आणि माझं नाव पुरुषोत्तम. पण मान सगळा जावयाचा. रत्नानं आदल्या दिवशीच मला देवासमोर उभं करून वदवून घेतलं होतं, की जावयाला एक शब्द उलटा बोलणार नाही.

खरी गोष्ट अशी होती की तिला भीती जावयाची नव्हती. भीती माझी आणि रेणूची होती.

रेणुका ही आमची एकुलती एक. लाडानं वाढवलेली, माझ्या मागं दुकानात फिरलेली. शाळेतून आली की दप्तर टाकून दुकानात, आणि कोणता पाना कितीचा ते ओळखायचा खेळ. गाडी चालवायला मीच शिकवलं तिला. अशी पोरगी. आणि त्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या सुमारास, माझ्या छातीत कळ आली, मला उचलून दवाखान्यात नेलं, शीर उघडून आत जाळी बसवली, तेव्हा ही आली नाही. भाऊ आले, भाचे आले, शेजारपाजारचे आले, ज्यांच्याशी माझं भांडण होतं तेसुद्धा नारळपाणी घेऊन आले. मी खाटेवर पडून दाराकडे बघायचो. पाऊल वाजलं की वाटायचं, आली. नर्स असायची.

फोन करायची ती. बाबा कसे आहात, बाबा औषध घेतलं का. ये म्हटलं की गप्प व्हायची. सुट्टी मिळत नाही म्हणायची. बाप मरता मरता वाचला आणि हिला सुट्टी मिळत नाही! घरी आल्यावर एक दिवस पुन्हा फोन आला, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “आता तिरडी बांधल्यावरच ये. तेव्हा तरी देतील सुट्टी.” आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर ती आईलाच फोन करायची, आणि मी शेजारच्या खोलीत बसून काही ऐकू येत नाही असं दाखवायचो.

धोंड्याचं आमंत्रण रत्नानं मला न विचारता दिलं. चार महिन्यांनंतर पहिल्यांदा पोरगी घरी आली. गाडीचा एसी बंद पडलेला, पुण्यापासून काचा उघड्या ठेवून आलेले, दोघांचे चेहरे बिटासारखे लाल. गाडी चालवत होते जावई, आणि रेणू उतरली मागच्या दारातून. पुढची जागा रिकामी. जी पोरगी कोणाच्या हातात स्टिअरिंग द्यायची नाही, ती मागं सामानाला खेटून बसून आली होती. आणि अंगात काय, तर मनगटापर्यंत बाह्यांचा कुडता. अकोल्याच्या उन्हाळ्यात! मी बघत राहिलो. ती पाया पडली, मी “हं” म्हटलं. तेवढंच बोलणं झालं आमचं.

भांडून आलेत की काय, असं आधी वाटलं. मागं बसण्याचं दुसरं कारण मला सुचेना. मग मनात आलं की यानंच तर हिला येऊ दिलं नसेल? दिसायला गरीब, नावाचा विक्रांत आणि झुरळ दिसलं की पाय वर घेणारा. पण घराच्या आत माणूस कसा असतो, कोणी सांगावं. मी चोरून लक्ष ठेवू लागलो. तर हा बाबा सकाळी तिच्या आधी उठून तिच्यासाठी पाणी गरम करतोय, तिच्या हातातून बादली काढून घेतोय, ताट वाढताना तिच्या बाजूला सरकून बसतोय. मारणारे, डांबून ठेवणारे नवरे असे नसतात. माझ्या डोक्याचा पार गुंता झाला. राग धरायचा तर कोणाचा धरायचा, तेच कळेना.

तर अंगणात गॅस भरणं सुरू झालं. जावयांनी गाडी उलटी फिरवून तिचं तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे केलं. का, तर म्हणे तिकडे सावली आहे. सावली होती अलीकडे, कडुनिंबाखाली. मी गिळलं. मग बॉनेट उघडलं आणि समोरच्या बाजूवर एक चादर अंथरली. धूळ जाऊ नये म्हणे आत. डॉक्टर पोटावर कापड टाकून मधलं तेवढं उघडं ठेवतात, तसं. गाडीचं बॉनेट झाकून काम करणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मी ओट्यावरून म्हटलं, जरा बघू का? ते म्हणाले, नको बाबा, ऊन आहे. मी एक पाय खाली ठेवला, की ते लगेच माझ्या आणि गाडीच्या मध्ये येऊन उभे. पाणी हवंय का बाबा. पंखा बाहेर आणू का बाबा. मी मुकाट्यानं पाय वर घेतला. रत्ना दारातूनच म्हणाली, “बसा ना जी गुमान. करून राह्यले ना ते.” आणि आत जाऊन पुरण वाटू लागली.

मग काय, बसलो. ओट्याच्या टोकावरून गाडीच्या कडेनं जेवढं दिसलं तेवढं बघत. बघत बसणं म्हणजे काय शिक्षा असते, ते त्या दिवशी कळलं. त्यांनी फोन बॅटरीवर उभा केला, व्हिडिओतला माणूस हिंदीत बडबडत होता, आणि हे त्याला मध्येच थांबवून खाली वाकून पाइप शोधत होते. जाड पाइपाला लावायचं ते बारीक पाइपाला लावून पाहिलं. तिथं बसेना, म्हणून दाबून पाहिलं. बसलं नाही हे नशीब. ती जोराच्या दाबाची बाजू, तिथून गॅस उलटा डब्यात शिरला तर डबा हातात फुटतो. माझ्या छातीत धडधडायला लागलं, डॉक्टरांनी ज्याला मनाई केली होती तेच. पुढं त्यांना योग्य जागा सापडली. इंजिन चालू केलं, एसी चालू केला, डबा हलवला, मीटरचा काटा थोडा हलून थांबला. आत बसून हात लावून पाहिलं. वारा गरमच.

“जात नाहीये गॅस,” ते फोनला म्हणाले. फोननं काही उत्तर दिलं असावं, कारण ते ओट्याजवळ आले आणि आत हाक मारली, “आई, एक पातेलं उकळतं पाणी मिळेल का? डबा त्यात बुडवायचाय.”

इथं मात्र माझा नेम मोडला. कोमट पाण्यात धरतात डबा, ते मीही करतो थंडीत. पण ज्येष्ठाच्या उन्हात तापलेला डबा उकळत्या पाण्यात घालायचा म्हणजे सुतळी बॉम्ब चुलीत टाकणं. जावई नारायण असो की आणखी कोणी असो, नारायणाचा हात उडाला असता आणि माझी पोरगी जन्मभर त्याला घास भरवत बसली असती. मी उठलो, चपला न घालता अंगणात गेलो, तळपाय भाजले, आणि सरळ जाऊन डबा त्यांच्या हातातून काढून घेतला.

“बाबा, तुम्ही—”

“उलटा शब्द बोलणार नाही, शपथ आहे माझ्यावर. फक्त बाजूला व्हा,” मी म्हटलं, आणि पाइप सोडवायला वाकलो. चादर आड येत होती. ओढून बाजूला टाकली.

पहिल्यांदा दिसली ती पुढची पट्टी. बॉनेटचं कुलूप जिच्यावर बसतं ती लोखंडी पट्टी नवी होती. रंग जुळवलेला होता, पण कंपनीचा नव्हे, गॅरेजचा. खालचा रेडिएटर नवा. त्याच्यापुढची एसीची जाळी, कंडेन्सर म्हणतो आम्ही, तीही नवी कोरी. गाडीला इतकं नवं एकदम कोणी हौसेनं बसवत नाही. गाडी समोरून ठोकली होती, आणि चांगली ठोकली होती.

म्हणजे हे लपवायचं होतं तर. मी मनात म्हटलं, अरे बाबा, गाडी ठोकली तर ठोकली. त्यात सासऱ्यापासून लपवण्यासारखं काय? आणि मग मला तो जाड पाइप दिसला.

आमच्याकडच्या उन्हात पाइपावर गुंडाळलेल्या काळ्या टेपचा गोंद वितळतो आणि शेवट सुटून लोंबायला लागतो. त्यावर मी माझी एक युक्ती काढली होती. टेप संपली की वरून मेणाचा दोरा गुंडाळून एक गाठ मारायची. गादीवाले मारतात ती गाठ. माझा मामा गादीवाला होता, त्याच्याकडून शिकलो. ती गाठ मारायला वेळ लागतो, म्हणून दुसरा कोणी मिस्त्री मारत नाही. मी फक्त एकाला शिकवली होती, अय्याजला. माझ्या हाताखाली तयार झाला, रेणूला खांद्यावर घेऊन नाक्यावर आइसकँडी खायला न्यायचा, आणि पुढं स्वतःचं दुकान काढलं त्यानं. चिखलीला.

पाइपावर अय्याजची गाठ होती.

मी तसाच वाकून उभा राहिलो. पुण्याच्या गाडीवर चिखलीच्या माणसाची गाठ. पुण्यात मिस्त्री मेले होते की काय, म्हणून हे एवढ्या लांब चिखलीला गाडी घेऊन आले? चिखलीत यांचं कोणी नाही. नातं नाही, शेत नाही, देव नाही. पुण्याच्या माणसाला चिखली लागते ती फक्त एकाच वेळी. जालन्यावरून देऊळगावराजा, मग चिखली, मग खामगाव, मग आमचं अकोला.

“विक्रांतराव,” मी विचारलं, “चिखलीला कधी गेल्ते तुम्ही?”

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, तो हाताच्या काळ्या वंगणासकट तोंडभर पसरला. मग खाली अंथरलेल्या पोत्यावर बसले, मांडी घालून, एखाद्या मुलासारखे. मीही बसलो. इंजिन चालूच होतं, आणि त्याच्या आवाजात त्यांनी मला सांगितलं.

मला दवाखान्यात नेल्याचा फोन त्यांना संध्याकाळी गेला होता. विक्रांतराव म्हणाले, सकाळी निघू. रेणू म्हणाली, मी चालले, तुम्ही सकाळी या. मग तेही बसले गाडीत. चालवत होती ती. दुसऱ्या कोणाला चालवू देईना, म्हणे तुम्ही हळू चालवता. रात्रभर कुठे थांबली नाही, चहालासुद्धा नाही. पहाटे चिखलीच्या अलीकडे रस्त्यात कापसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा ना लाल फडकं. विक्रांतरावांना खरचटलं. रेणूचा हात दोन ठिकाणी मोडला, बरगड्या गेल्या. चिखलीहून तिला औरंगाबादला हलवलं, हातात सळई घातली. मी इकडे खाटेवर दाराकडे बघत होतो, तेव्हा ती तिकडे खाटेवर होती.

“मोडलेली गाडी गॅरेजमध्ये ओढून नेली होती,” ते म्हणाले. “एसीच्या कामाला त्यांनी अय्याजभाईंना बोलावलं. त्यांनी गाडीतला तुमचा फोटो ओळखला आणि सगळं सोडून औरंगाबादला आले. पण रेणूनं त्यांनाही शपथ घातली.”

अय्याज मला दर शुक्रवारी फोन करायचा त्या दिवसांत. उस्ताद, तबियत कशी आहे. याच्या पलीकडे एक अक्षर नाही.

“अन् मले काहून नाही सांगितलं?” मी म्हटलं.

“आधी डॉक्टर म्हणाले होते, तुम्हाला कसलाही धक्का द्यायचा नाही. तुम्ही घरी आल्यावर सांगणारच होतो, बाबा. तिनं त्यासाठीच फोन केला होता तुम्हाला, त्या दिवशी. मीच फोन तिच्या कानाला धरला होता. तिचा एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्याला सलाइन.”

तो दिवस कोणता, हे मला विचारावं लागलं नाही. तिरडीचं मी ज्या दिवशी बोललो तो.

रत्ना उकळत्या पाण्याचं पातेलं फडक्यानं धरून दारात उभी होती. चादर जमिनीवर, आम्ही दोघं पोत्यावर. तिला काय झालं ते सांगायची गरज पडली नाही. तिनं पातेलं तिथंच पायरीवर ठेवलं.

“तुले माहीत होतं?” मी विचारलं.

“होतं,” ती म्हणाली. “तुमच्या खाटेपाशी बसून तुमचं पाहो, अन् बाहेर व्हरांड्यात जाऊन तिचं विचारो. तुम्ही म्हणत होते ना, ही घडीघडी बाहेर काहून जाते. अन् मंग तुम्ही तिले तसं बोलले. त्याच्यानंतर पोरीनंच सांगितलं, आई, आता नको सांगू. बाबाले कळलं तर त्यांचं काळीज पुन्हा बंद पडन.”

मला रडू आलं नाही, राग आला. सगळ्यांचाच आला. या बाईचा, या भोळ्या माणसाचा, त्या अय्याजचा, ट्रॉलीवाल्याचा. सगळ्या दुनियेला ठाऊक आणि मी एकटा घरात तोंड फुगवून बसलेलो. आणि राग आला तसाच गेला, कारण धरायला कोणी सापडेना. मी उठलो. पाइप सोडवला, डब्याची चावी बंद केली, जाड पाइपाला हात लावून पाहिला. गॅस थोडा गेला होता आत. एसी नावालाच चालत होता.

“रेणू,” मी आत हाक मारली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला नावानं हाक मारली होती, त्यामुळे आवाज जरा चिरकलाच. “चाल. गाडीत बस. गार होते का नाही ते पाहू.”

ती बाहेर आली, हाताला कणीक लागलेली. आधी नवऱ्याकडे बघितलं, मग आईकडे. दोघांनी माना खाली घातल्या. जमिनीवरची चादर तिला दिसली. ती गाडीपाशी आली आणि सवयीनं मागच्या दाराला हात घातला. मी स्टिअरिंगवर जाऊन बसलो आणि माझ्या शेजारचं दार आतून उघडून ठेवलं. बराच वेळ ते दार तसंच उघडं राहिलं. मग ती पुढं येऊन बसली, पट्टा लावला आणि दार ओढून घेतलं. गाडी जागची हलणार नव्हती, तरी पट्टा लावला.

मी काचा वर केल्या. आतून कोमट वारा येत होता. त्याला गार म्हणणं म्हणजे उसाच्या चिपाडाला रस म्हणणं.

“लागते का गार?” मी विचारलं.

“हो,” ती म्हणाली. तिच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

“नवऱ्यानं भरला म्हणून हो म्हणतेस.”

ती हसली. हसताना तिच्या हनुवटीखाली एक नवा व्रण दिसला, बारीक, टाक्यांचा. दोन दिवस ती माझ्यासमोर वावरत होती आणि मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलंही नव्हतं.

“बाबा,” ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “मी निघाले होते.”

“हो. चिखलीपर्यंत आली होतीस.”

“खामगाव आलं असतं थोड्या वेळात. मग काय, आलेच होते.”

“मी दाराकडे पाहत होतो,” मी म्हटलं. हे मी रत्नालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

“माहीत होतं मला. म्हणून तर थांबले नाही ना कुठे.”

आम्ही दोघंही मग भिंतीकडेच बघत बसलो. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. एक सरडा होता, तोही उन्हाला कंटाळून निघून गेला. गाडीत उकडून जीव चाललेला, पण काच खाली करावी असं कोणालाच वाटेना. शेवटी मला वाटलं, बापानं काहीतरी बापासारखं बोललं पाहिजे. मी दटावल्यासारखा आवाज काढला.

“पुढच्या वेळी सकाळी निघायचं. उजाडल्यावर. बाप कुठे पळून जात नाही.”

“आणि तुम्ही गेला असतात तर?” ती म्हणाली.

तिनं ते रागानं म्हटलं नाही, साधंच विचारलं. मी एसीचं बटण उगीच फिरवून पाहिलं. तोवर ओट्यावरून रत्ना हाक मारू लागली, की पानं वाढली आहेत, धोंडे निवून चालले, नारायण उपाशी बसलाय. मी इंजिन बंद केलं, माझ्या बाजूनं उतरलो आणि वळसा घालून तिच्या दाराशी गेलो. दार उघडलं. तिला उतरवून घ्यायला वाकलो आणि तसाच थांबलो. दोन्ही बाह्या मनगटापर्यंत, दोन्ही हात सारखेच दिसत होते, आणि मोडलेला हात कोणता होता तेच मला माहीत नव्हतं. तो धरला गेला आणि दुखला तर?

“कोणता गं?” मी विचारलं.

तिनं तोच माझ्या हातात दिला.